आई आजारी आहे, लगेच निघ

घरातली मुलगी तेवीस वर्षांची झाली की रविवारी सकाळी नातेवाइकांचा फोन कशासाठी वाजतो, हे आपल्याकडे कुणालाच सांगावं लागत नाही. धुळ्याच्या देवपूर भागात राहणाऱ्या गिरधर पाटलांकडेही तो वाजायचा. पलीकडे त्यांची थोरली बहीण यशोदाबाई असायची, जळगावहून अहिराणीत बोलणारी. तब्येतीची चौकशी व्हायची, कुणाकुणाची लग्नं जमली ते कळायचं आणि मग ठरलेला प्रश्न यायचा.

"गिरधर, पोर तेवीसनी व्हयनी. आते कितला दिन खेळू देशी तिले?"

गिरधर पाटील म्हणजे नाना. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. समाजाच्या मंडळाचे ते सचिव. कुणाचा रुपया कधी खाल्ला नाही, कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. असा माणूस. बहिणीच्या प्रश्नावर ते नुसतं "बघू, अक्का" म्हणायचे आणि फोन ठेवून बराच वेळ पेपर समोर धरून बसायचे, न वाचता.

त्यांची मुलगी दिपमाला स्क्वॉश खेळायची. हा खेळ आपल्या भागात कुणाला फारसा ठाऊक नाही. "स्क्वॉश म्हणजे ते सरबत ना?" असं तिला शंभर जणांनी विचारलं असेल. चार भिंतींच्या बंद खोलीत दोघांनी समोरच्या एकाच भिंतीवर आळीपाळीने चेंडू मारायचा. चेंडू लहान, काळा, रबरी. धावायला जागा कमी, पण चाळीस मिनिटांत माणूस पिळून निघतो. देवपुरातल्या एका जुन्या क्लबात असं एक कोर्ट होतं आणि तिथे कुवरसिंग सर शिकवायचे. सर शिरपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे. घरची शेती पावसाच्या भरवशावर, म्हणून सैन्यात भरती झाले. तिथे अधिकाऱ्यांच्या स्क्वॉश कोर्टाची फरशी पुसायचं काम मिळालं. पुसता पुसता खेळ शिकले, आणि असे शिकले की पुढे अधिकारीच त्यांच्याकडून शिकू लागले.

नऊ वर्षांची दिपमाला त्यांच्याकडे आली, ती तेवीस वर्षांची होईपर्यंत एकही सकाळ चुकली नाही. सतराव्या वर्षापासून ती व्यावसायिक स्पर्धा खेळू लागली. कैरोला जाऊन आली, क्वालालंपूरला जाऊन आली. जगातल्या स्त्री खेळाडूंच्या क्रमवारीत ती एकशे अठरावी होती. धुळ्यातल्या चार-सहा लोकांनाच हे माहीत होतं. त्यात नाना होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना अभिमानही होता. पण लग्नाच्या पंगतीत बसले की तो अभिमान ते खिशात घालून ठेवायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत चेन्नईला भारतीय संघाची निवड चाचणी होती. सहा मुली, पाच दिवस. प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं, पहिल्या चौघी संघात. बुधवार ते शुक्रवार अशा तीन दिवसांत दिपमालाने दोन सामने जिंकले होते. अजून एक जिंकला की झालं. शनिवारी जिच्याशी खेळायचं होतं तिला तिने याआधी तीनदा हरवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिने घरी फोन केला. "नाना, उद्या होईल बहुतेक." बस्स, एवढंच म्हणाली.

आणि त्याच संध्याकाळी यशोदाबाईंचा फोन आला. रविवार नसताना.

"पोरगं चांगलं शे, पुनाले कंपनीमा शे. सोमवारले परदेशले जाई ऱ्हायना. रविवारले येतस ते तुना घर."

"अक्का, दिपू चेन्नईला आहे. सोमवारी निघेल ती तिथून."

"सोमवारले पोरगा ऱ्हाई का? एकदाव त्यास्ले पाही तं लेऊ दे!" आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माय बिमार शे असं सांग. धावत ई पोर."

नानांनी फोन ठेवला. कोकिळाबाईंना, म्हणजे दिपमालाच्या आईला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नको हो. तिची परीक्षा चालू आहे तिथे."

"परीक्षा दरवर्षी असतात. असं स्थळ दरवर्षी येतं का? आणि बीपीची गोळी चालूच आहे तुझी. अगदीच खोटं कुठे आहे?"

कोकिळाबाई गप्प बसल्या. आपल्या घरांमध्ये बाईचं गप्प बसणं होकारात धरतात, तसंच इथेही धरलं गेलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता दिपमाला बुटांच्या नाड्या बांधत होती तेव्हा फोन वाजला.

"दिपू, आई आजारी आहे. दवाखान्यात ठेवलंय. लगेच निघ."

"काय झालं? नाना, काय झालं आईला? मला बोलू द्या तिच्याशी."

"आत नेलंय तिला. फोनवर काय सांगू? तू ये."

ती उठली. रॅकेट तिथेच बाकावर राहिली, ती नंतर तिच्यासोबत चेन्नईला आलेल्या कुवरसिंग सरांनी उचलून बॅगेत घातली. निवड समितीच्या बाईंना तिने सांगितलं, आई दवाखान्यात आहे. त्या म्हणाल्या, "जा बाळा. फक्त दवाखान्याचे कागद नंतर पाठव, नियमाला लागतात." सर तिच्यासोबत निघाले. मुंबईपर्यंत विमान, मग चाळीसगावपर्यंत रेल्वे, तिथून एसटी. वाटेत सरांनी तिच्यापुढे बिस्किटं धरली, तिने घेतली नाहीत. जितक्यांदा घरी फोन लावला तितक्यांदा नाना एकच वाक्य म्हणाले, "ये तू, मग बोलू." ती मनाशी म्हणत होती, आईला वाचव देवा, मी पुन्हा रॅकेट हातात धरणार नाही.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला ती घराच्या दारात पोचली. आत तूप आणि वेलदोड्याचा वास होता. कोकिळाबाई चुलीवरच्या उपड्या खापरावर मांडे टाकत होत्या. कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं.

दिपमाला धावली आणि तिने आईला मिठी मारली. "घरी सोडलं तुला? कधी सोडलं? बरी आहेस ना?" ती हसत होती, रडत होती, आईच्या कपाळाला हात लावून बघत होती. कोकिळाबाईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मग दिपमालाचं लक्ष बाहेरच्या खोलीकडे गेलं. सतरंजीवर नवी चादर होती. टेबलावर काचेचे ग्लास मांडून ठेवले होते. खुर्चीवर तिच्यासाठी इस्त्री केलेली साडी होती.

तिचे आईच्या गळ्यातले हात हळूहळू खाली आले.

"चार वाजता येणार आहेत," नाना म्हणाले. "तोंड धू. जरा पड."

कुवरसिंग सर अंगणात उभे होते. त्यांनी दिपमालाची बॅग ओट्यावर ठेवली, नानांकडे एकदा पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या पुढे आला होता तो तसाच सोडून निघून गेले. चौदा वर्षांत त्या घरचं पाणी न पिता ते कधी गेले नव्हते.

पाहुणे आले. मुलाने विचारलं, "स्क्वॉश म्हणजे बॅडमिंटनसारखंच ना?" मुलाच्या मावशीने दिपमालाचा उजवा हात हातात घेतला, तळव्यावरून बोट फिरवलं आणि शेजारणीकडे पाहून म्हणाली, "हात फार कडक आहेत हो." मांडे सगळ्यांनी वाखाणले. आठ दिवसांनी यशोदाबाईंमार्फत निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण फार बाहेर फिरलेली वाटते.

ज्या एका रविवारसाठी एवढं केलं, तो रविवार असा संपला!

पुढे निवड समितीचं पत्र आलं. चाचणी अर्ध्यात सोडल्याबद्दल आईच्या आजारपणाचे कागद पंधरा दिवसांत पाठवावेत. कागद होते कुठे?

नानांनी यावरही तोड काढली. "माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. तारीख घालून देतील ते."

"नाही," दिपमाला म्हणाली.

"अगं, एवढं कोण तपासतं?"

"मी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं, नाना. मला जे सांगितलं तेच मी सांगितलं. आता कागद खोटा दिला तर मी खोटी होईन. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. मी मुलीला खोटं सांगून बोलावलं, तिचा यात दोष नाही. बस्स."

"लिहून देऊ? समितीकडे कागद जाणार, दहा जण वाचणार! मंडळाचा सचिव आहे मी. निवृत्तीला आलेला माणूस मी, स्वतःच्या सहीने लिहून देऊ की मी खोटारडा आहे?"

दिपमाला रोज सकाळी कोर्टवर जायची, यायची, जेवायची. बाराव्या दिवशी कुवरसिंग सर आले. ओट्यावरच बसले, आत आले नाहीत.

"गिरधरभाऊ, एक गोष्ट सांगतो, ऐका. आमच्या पलटणीत तारा यायच्या. 'आई सिरियस, लगेच या.' दर महिन्याला कुणाला तरी. कुणाचं लग्न ठरवायचं असायचं, कुणाची वाटणी. शेवटी साहेब लोक हसायचे तार बघून. मग एक दिवस मला आली. मी साहेबांपुढे उभा राहिलो तर ते म्हणाले, तुझी पण आई का? रजा तिसऱ्या दिवशी मिळाली. गावी पोचलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती."

सर नानांकडे वळले.

"माझी आई खरंच गेली होती, भाऊ. पण माझ्या आधी शंभर जणांच्या घरच्यांनी खोटं सांगितलं होतं. आपण समजतो, एवढंसं खोटं, पोरीच्या भल्यासाठी. पण पोरीच्या हातात जगाला दाखवायला एकच वस्तू आहे, तिचा शब्द. तो तुम्ही तिच्या हातातून घेतला. परत द्या. दोन ओळी लिहा."

"सर, तुम्हाला समाज माहीत नाही."

"माहीत आहे. मी जिथून आलो तिथेही आहे समाज." सर उठले. "तीन दिवस आहेत."

तीन दिवस गेले. नानांनी दोनदा कोरा कागद घेतला, वर तारीख घातली आणि घडी करून खिशात ठेवला. कोकिळाबाई एकदा म्हणाल्या, "मी सही करते, चालेल का?" त्यावर नाना इतके चिडले की त्या पुन्हा बोलल्या नाहीत. आणि दिपमाला? ती स्वतः फोन करून खरं सांगू शकली असती. सरांनी तिला तेच सुचवलं. ती म्हणाली, "सर, मी माझ्या बापाला सगळ्यांसमोर खोटा ठरवू?"

बापाने मात्र तिला खोटी ठरू दिलं!

एक वर्षासाठी तिचं नाव संघाच्या शिबिरातून काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, चुकीचं कारण सांगून चाचणी सोडली. जिच्याविरुद्ध शनिवारी खेळायचं होतं ती मुलगी संघात गेली. शिबिरातल्या मैत्रिणींचे फोन हळूहळू बंद झाले.

व्यावसायिक स्पर्धा खेळायला तिला मनाई नव्हती. ती खेळली. पहिली स्पर्धा, पहिल्याच फेरीत हरली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. एकशे अठरावरून ती दोनशेच्या खाली गेली. नानांना वाटलं, मन लागत नसेल, लागेल पुढे. ऑक्टोबरात मुंबईला स्पर्धा होती तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा तिचा सामना बघायला गेले. कुवरसिंग सरांच्या शेजारी, काचेच्या भिंतीमागे बसले.

नानांना खेळातलं फार कळत नव्हतं, पण जे दिसलं त्याने ते खुर्चीच्या टोकावर सरकून बसले. ही आपली दिपू? ही जमिनीपर्यंत एवढी वाकते, एवढी वळते, भिंतीला चिकटलेला चेंडू सोलून काढते? समोर परदेशी मुलगी होती, ताडमाड. दिपमालाने पहिला गेम घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्यात आठ-पाच. अजून तीन गुण की सामना तिचा!

तेवढ्यात प्रेक्षकांत कुणाचा तरी फोन वाजला.

दिपमाला थांबली. चेंडू हवेत होता आणि ती मागे वळून काचेपलीकडे बघत होती. गुण गेला. पुढचा गेला. तिचे पाय जागच्या जागी अडखळू लागले. तो गेम तिने गमावला. दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं मिळतात. खेळाडू त्यात पाणी पितात, घाम पुसतात, प्रशिक्षकाशी बोलतात. दिपमाला धावत बाहेर आली, बॅगेतून फोन काढला आणि नंबर लावला.

"आई? बरी आहेस ना? काही नाही गं, सहज. ठेवते."

नाना चार हातांवर उभे होते. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला.

"कुणाला फोन केला तिने?" त्यांनी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"दर सामन्याला करते," सर म्हणाले. "गेले आठ महिने. मी फोन काढून घेतला होता एकदा, तर कोर्टवरच बसली. म्हणते, या वेळी खरं असलं तर?"

चौथा गेम ती अकरा-चार हरली. पाचवा अकरा-दोन. नानांनी तो पाहिला नाही. ते बाहेर जिन्यात बसले होते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते. हे मी केलं! हे मी केलं!

त्या रात्रीच्या गाडीने ते धुळ्याला परत आले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी बसून त्यांनी पत्र लिहिलं. दोन ओळींचं नव्हे, दोन पानांचं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, मंडळाचं पद आणि सही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. समितीच्या बाईंनी सभ्य शब्दांत लिहिलं होतं. खेळाडूच्या नावापुढचा शेरा काढून टाकत आहोत, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, परंतु या वर्षीचा संघ जाऊन आला आहे. फेब्रुवारीत पुढची चाचणी आहे, तिने अवश्य यावं.

नानांनी ते पत्र दिपमालापुढे ठेवलं. तिने वाचलं, नीट घडी करून परत दिलं.

"जाशील ना?"

"नाही नाना. चाळीसगावच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा आहे. मी अर्ज केलाय."

"पण आता तर शेरा गेला!"

"हो. फार दमलेय मी."

डिसेंबरात ती चाळीसगावला गेली. शाळेत स्क्वॉशचं कोर्ट नव्हतं. ती मुलींना खो-खो शिकवायची, कवायत घ्यायची. फेब्रुवारीची चाचणी झाली, तिला वाचायलाही नको होतं कोण निवडलं गेलं ते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, जेव्हा या खेळात बायका खरी उंची गाठू लागतात, तेव्हा दिपमाला पाटील माजी खेळाडू झाली.

एप्रिलात जळगावला समाजाचा गुणगौरव सोहळा होता. दहावी-बारावीचे गुणवंत, नवे डॉक्टर, आणि यंदा 'आंतरराष्ट्रीय खेळाडू कु. दिपमाला गिरधर पाटील'. मंडळाला आठवण झाली तेव्हा खेळ संपला होता. दिपमाला आली नाही. तिच्या वतीने सन्मानचिन्ह घ्यायला नानांना मंचावर बोलावलं. शाल अंगावर पडली, टाळ्या वाजल्या, फोटो झाले. सूत्रसंचालकाने माईक पुढे केला, दोन शब्द बोला म्हणून.

नानांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"ही घ्यायचा मला अधिकार नाही," ते म्हणाले. "तुम्ही जिला खेळाडू म्हणता तिचा खेळ मी बंद पाडला. मी तिला फोन करून सांगितलं, आई आजारी आहे, लगेच निघ. आई घरी मांडे करत होती."

पुढच्या रांगेत यशोदाबाई होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"पोरीला धावत येताना वाटलं असेल, आई जाते आता. चेन्नईपासून धुळ्यापर्यंत ती रडत आली. का? तर चहाचा ट्रे घेऊन पाच मिनिटं उभी राहायला! आणि नंतर जेव्हा फक्त खरं लिहून द्यायचं होतं तेव्हा मी दिलं नाही. मला तुमची भीती वाटली. तुम्ही काय म्हणाल याची. मी तुम्हाला भ्यालो आणि पोरीला बुडवलं. आता विचारतो, तुम्हीच सांगा, खरं लिहून दिलं असतं तर तुमच्यापैकी कुणी मला काही म्हणणार होतं का?"

नानांनी माईक जवळ ओढला.

"आपण पोरींना शिकायला पाठवतो, नोकरीला पाठवतो, खेळायलाही पाठवतो. आणि दोरी आपल्या हातात ठेवतो. वाटलं की खेचायची. दोरी कशाची, तर तिच्या मायेची! तिला आपल्यावर जीव आहे, म्हणूनच ती फसते. जिचं आपल्यावर प्रेम नाही ती अशा फोनवर येणार नाही. मी माझ्या पोरीच्या प्रेमाचा फास केला. तुम्ही करू नका. हात जोडतो, करू नका!"

ते खाली उतरले. टाळ्या वाजल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. मांडवाच्या बाहेर नळावर ते तोंड धूत होते तेव्हा एक माणूस जवळ आला. पहूरचा लोटन म्हणून, नानांची जुजबी ओळख होती.

"नाना, माझी पोर ममता नाशिकले नर्सिंगला आहे," तो म्हणाला. "येत्या रविवारी तिला पाहायला येणार आहेत. आम्ही ठरवलं होतं, उद्या फोन करायचा, आजी पडली म्हणून." त्याने खिशातून फोन काढला. नानांसमोरच लावला. "ममता? हां, मी बोलतोय. बठ्ठं बरं शे, सगळं ठीक. ऐक, रविवारी तुला बघायला पाहुणे यायचे आहेत. तुझा पेपर असेल तर त्यांना पुढची तारीख देऊ. तुला यायचंच नसेल तर तसं सांग... नाही, रागावून नाही विचारत. खरं विचारतोय."

पलीकडून काय उत्तर आलं ते नानांना ऐकू आलं नाही. लोटन बराच वेळ नुसता "हां, हां" करत होता आणि डोळे पुसत होता.

परतीच्या वाटेवर नाना चाळीसगावला उतरले. शाळा सुटली होती. दिपमाला मैदानावरचे खो-खोचे खांब काढून खोलीत ठेवत होती. तिच्याकडे नानांच्या भाषणाचा व्हिडिओ पोचला होता.

"पाहिलं मी," ती म्हणाली. "कशाला केलंत नाना? लोक आता तुम्हाला बोलतील."

"बोलू देत. दिपू, तू माझ्यावर एकदा तरी रागाव. ओरड. काहीतरी बोल मला."

ती शाळेच्या पायरीवर बसली. नाना तिच्या शेजारी बसले. समोरच्या मैदानात वावटळ उठली होती, धूळ गोल फिरत होती.

"राग यायचा ना, तेव्हा मी खेळत होते," ती म्हणाली. "मुंबईच्या सामन्यापर्यंत यायचा. आता येत नाही. आत बघते तर काहीच नसतं." मग म्हणाली, "तुम्ही वाईट नाही, नाना. मला माहीत आहे. पण उद्या खरंच आईला काही झालं आणि तुमचा फोन आला, तर मी निघेन. नक्की निघेन. फक्त वाटेत मला कळणार नाही की मी कशाकडे चाललेय, आईकडे की आणखी कशाकडे."

नानांनी तिचा हात हातात घेतला. तळहाताचे घट्टे आता मऊ पडू लागले होते.

वाचकहो, या गोष्टीत कुणी दुष्ट नाही. नाना नाहीत, यशोदाबाईसुद्धा नाहीत. म्हणूनच ही गोष्ट सांगावी लागते, कारण अशी चूक तुमच्या-माझ्यासारखी भली माणसं करतात, मुलीच्या कल्याणाचं नाव घेऊन. मुलीशी खोटं बोलून तिचं भलं करता येत नाही. तिला न पटणारी गोष्ट असेल तर तिच्यासमोर बोला, भांडा, नकार ऐकायची तयारी ठेवा. आणि चूक झालीच, तर कबुली त्याच दिवशी द्या. नाना चांगले होते म्हणून त्यांनी कबुली दिली. पण ती आठ महिन्यांनी दिली, आणि त्या आठ महिन्यांत एका मुलीचं सगळं आयुष्य निघून गेलं होतं.